मागच्या ओळीतलं वर्ष : आळंदीला वारकरी शिक्षणासाठी निघालेल्यांसाठी

पूर्वी गावातला एखादा मुलगा आळंदीला निघाला की लोक म्हणायचे, "माळकरी होतोय." आता म्हणतात, "कीर्तनकार व्हायला चाललाय." पहिल्या वर्षातली निम्मी रडारड या दोन वाक्यांमधल्या फरकातून येते. मुलगा मोबाइलवर कीर्तनं बघून आलेला असतो. त्याच्या डोळ्यांपुढे फेटा, माइक आणि समोर बसलेली पाच हजारांची गर्दी असते. आणि इथे आल्या दिवशी त्याच्या हातात टाळ देतात नि सगळ्यांत मागे उभं करतात.

मीही असाच मागे उभा राहिलो. चार वर्षं शिकलो, नंतर काही वर्षं लहान मुलांना संथा दिली, म्हणजे आपण म्हणून त्यांच्याकडून म्हणवून घेत पाठ दिला. त्या अनुभवावरून हे लिहितोय. माझ्या संस्थेचं नाव घेत नाही, कारण गरज नाही. आळंदीत अशा लहानमोठ्या कितीतरी संस्था आहेत आणि बहुतेकांचा दिनक्रम उन्नीस-बीस सारखाच असतो. मूळही सगळ्यांचं एकच. विष्णुबुवा जोगांनी, म्हणजे आपल्या जोग महाराजांनी, १९१७ साली इथे वारकरी शिक्षण संस्था काढली. त्याआधी कीर्तन-प्रवचन बापाकडून मुलाकडे किंवा फडावरच्या, म्हणजे एकेका परंपरेच्या वारकरी मंडळातल्या, महाराजांकडून शिष्याकडे जायचं. घराणं नसलेल्या, कुठल्याही जातीच्या शेतकऱ्याच्या पोराला शिकायचं तर दार कुठलं ठोठावायचं हा प्रश्नच होता. राहायचं तिथेच, शिकायचं तिथेच, ठरावीक वर्षांचा अभ्यासक्रम, हा साचा तिथून पसरला.

संस्था निवडताना

कमान बघू नका. भिंतीवरचे पुढाऱ्यांबरोबरचे फोटो तर अजिबात बघू नका. पहाटे पाच वाजता जा आणि न सांगता जा. त्या वेळी संस्था जशी असते तशी दिसते. मुलं उठली आहेत का, कोण उठवतंय, कसं उठवतंय, संडास-बाथरूम किती आणि रांग किती, स्वयंपाकघरात पाणी कुठलं वापरतात, एका खोलीत किती वळकट्या आहेत, एवढं बघितलं तरी पुरे.

मग चार प्रश्न विचारा. पहिला, संस्थेची धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी आहे का, आणि घेतलेल्या पैशाची पावती मिळते का. दुसरा, रात्री मुलांजवळ कोण झोपतं. तिसरा, शाळेचं काय. मुलगा आळंदीतल्या शाळेत जाणार की शाळा सुटणार. चौथा प्रश्न कुणी विचारत नाही, पण तोच सगळ्यांत महत्त्वाचा: शिकवणारे महाराज वर्षातले किती दिवस संस्थेत असतात? ज्यांच्या नावावर संस्था चालते ते बहुधा स्वतः नावाजलेले कीर्तनकार असतात, आणि सप्ताहांचा हंगाम लागला की ते रोज वेगळ्या तालुक्यात. मग मागे शिकवतं कोण? नीट गुरुजी नेमलेले असतील तर उत्तम. "मोठी मुलं लहानांना शिकवतात" असं उत्तर आलं तर दुसरी संस्था बघा.

पालकांना एक गोष्ट स्पष्टच सांगतो, गोड करून सांगत नाही. मुलाला आठवड्यातून एकदा तरी एकट्याने फोनवर बोलता आलं पाहिजे. शेजारी कुणी उभं नको. भेटायला जाल तेव्हा त्याला बाहेर घेऊन जा, घाटावर बसवा, मग विचारा. छडी, उपाशी ठेवणं, अंगचटीला येणं यांतलं काहीही कळलं तर "गुरूचा मार आहे, सोसावा" असं म्हणू नका. मुलांसाठीचा मदतीचा क्रमांक १०९८ आहे, तो त्याला पाठ करून द्या. हरिपाठ पाठ करायच्या आधी. माळ घातलेला प्रत्येक माणूस साधू नसतो, हे संतांनीच कितीदा सांगून ठेवलंय.

मुलींसाठी वेगळ्या संस्था आहेत. तिथे हेच सगळं दुप्पट काटेकोरपणे बघा.

पेटीत काय भरायचं

पत्र्याची पेटी आणि चांगलं कुलूप. पांढरे नेहरू शर्ट तीन-चार, धोतरं किंवा संस्थेत चालत असतील तर पायजमे, उपरणं, पंचे दोन, टोपी. धोतर नेसायला घरीच शिका. पहिल्या दिवशी पहाटेच्या अंधारात, ओल्या अंगाने, पंधरा पोरांसमोर धोतर नेसायला शिकणं म्हणजे काय असतं ते मला विचारा. माझा सोगा भजनात सुटला होता. त्यावरून पडलेलं नाव मला दोन वर्षं चिकटलं.

टाळ घरून आणू नका. मामा-काका हौसेने भलते जड घेऊन देतात आणि मनगट आठवड्यात सुजतं. इथे आल्यावर गुरुजींना दाखवून घ्या.

ज्ञानेश्वरीही आधी घेऊ नका. संस्थेत साखरे महाराजांची प्रत चालते की दुसरी कुठली, ते विचारा आणि तीच घ्या. प्रतीप्रतींत पाठभेद आहेत, ओव्यांचे क्रमांकही मागेपुढे होतात. गुरुजी म्हणणार "तीनशे बारा काढा" आणि तुमच्याकडे तिथे भलतीच ओवी. एक शब्द चुकीचा पाठ झाला तर तो काढायला नवा पाठ करण्यापेक्षा जास्त दिवस लागतात.

माळेचं म्हणाल तर घाई नको. तुळशीची माळ गळ्यात पडली की मांस-दारू बंद, एकादशी आणि वारी लागू. काही मुलं घालूनच येतात, काहींना इथे गुरुजी घालतात. मित्राने घातली म्हणून घालू नका.

पहिला आठवडा

पहिला धक्का नावाचा बसतो. इथे बारा वर्षांच्या पोराला "महाराज" म्हणतात. "अहो महाराज, तुमची चड्डी दोरीवरून खाली पडलीय." हसू येतं, पण दोन दिवसांत सवय होते. भेटला की "राम कृष्ण हरी, माउली", आणि पाया पडायचं; समोरचाही तुमच्या पाया पडतो. यात लहान-मोठा बघायचा नसतो. शहरातून आलेल्या मुलांची कंबर आधी वाकत नाही.

दिवस साधारण असा जातो. चार-साडेचारला उठणं, आंघोळ, काकडा किंवा भूपाळ्या, विष्णुसहस्रनाम, गीतेचा पाठ. मग संथा. शाळेत जाणारे शाळेत जातात, बाकीच्यांचे ज्ञानेश्वरी आणि तुकोबांच्या गाथ्याचे पाठ होतात. दुपारी गायन आणि मृदंग. संध्याकाळी दिवेलागणीला हरिपाठ, रात्री कीर्तन किंवा प्रवचन, दहाला दिवे बंद. काही ठिकाणी अजून मधुकरी आहे. झोळी घेऊन ठरलेल्या घरी जायचं, वाढतील ते घ्यायचं, आणून एकत्र करून खायचं. कुणाला त्यात कमीपणा वाटतो. मला पहिले चार दिवस वाटला. पाचव्या दिवशी एका आजीबाईंनी भाकरीवर लसणाची चटणी ठेवून वर विचारलं, "काल का नाही आलास रे?" तेव्हा वाटलं, या गावात कुणीतरी आपली वाट बघतंय.

घराची आठवण दिवसा येत नाही, सवडच नसते. ती येते बरोबर हरिपाठ संपल्यावर, जेवणाची ताटं मांडायच्या आधी जी पंधरा मिनिटं मोकळी असतात तेव्हा. त्या वेळी एकटं बसू नका. पाणी भरा, ताटं मांडा, पाठ घेणाऱ्याला पाठ म्हणून दाखवा. आणि घरच्यांनी पहिल्या आठवड्यात भेटायला येऊ नये. दुसऱ्या आठवड्यात यावं.

पाठांतर

इथे सगळं संथेवर चालतं. गुरुजी एकदा म्हणतात, मुलं दोनदा म्हणतात. अर्थ नंतर, बराच नंतर. याचा नव्या मुलांना राग येतो. शिकलेल्या पालकांना तर जास्तच. "न समजता घोकून काय उपयोग?" मलाही वाटायचं. पण कीर्तनात पुस्तक उघडता येत नाही. बोलता बोलता जे प्रमाण, म्हणजे आधाराची ओवी किंवा अभंग, हवं ते ओठांवर आलं पाहिजे, आणि ते तिशीत पाठ होत नाही. डोकं कोवळं आहे तोवर भरून घ्यायचं, उलगडायचं पुढे जन्मभर.

सुरुवात हरिपाठाने होते. सत्तावीस अभंग, फलश्रुतीचा धरला तर अठ्ठावीस. मग गीतेचे ७०० श्लोक, अध्यायाअध्यायाने. बारावा बहुधा आधी, कारण तो वीसच श्लोकांचा आहे. ज्ञानेश्वरीतला बारावाही लहान आहे, अडीचशेच्या आत ओव्या. तिथून सुरू केलं की धीर येतो.

आता हिशेब करा. अख्खी ज्ञानेश्वरी नऊ हजार ओव्यांच्या वर आहे. रोज दहा ओव्या म्हटल्या तर नऊशे दिवस, म्हणजे एकही दिवस न चुकता अडीच वर्षं. म्हणून पहिल्या वर्षी अख्ख्या ग्रंथाचा विचारच करू नका. दहा ओव्यांचा करा.

माझी पद्धत सांगतो. संथा झाल्याबरोबर, दुसरं काही बोलायच्या आत, त्या दहा ओव्या पाच वेळा मोठ्याने म्हणायच्या. मग वहीत प्रत्येक ओवीचा फक्त पहिला शब्द लिहायचा. एकाखाली एक दहा शब्द. दिवसभर ग्रंथ उघडायचा नाही, ती शब्दांची शिडीच बघायची. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले असतात, तिथे जीभ आपोआप वळते. घसरते ती चौथ्या चरणावर, कारण तो आखूड आणि सुटा असतो. तेव्हा चौथा चरण आणि पुढच्या ओवीचा पहिला शब्द असे जोडून वेगळे म्हणा. साखळी तिथेच तुटते, डाग तिथेच द्यायचा.

आणि चालत म्हणा. बसून पाठ केलेलं बसूनच आठवतं. मी घाटावर येरझाऱ्या घालत म्हणायचो. अजूनही सहाव्या अध्यायातल्या काही ओव्या म्हणताना पायाला दगडी पायऱ्या लागल्यासारख्या वाटतात.

मागचं विसरतंच. त्याला उपाय एकच, आवर्तन. नवा पाठ सकाळी, मागच्या आठवड्याचा दुपारी, मागच्या महिन्याचा एकादशीला. एकादशीला तसंही पोट रिकामं असतं आणि डोकं हलकं.

टाळ आणि मृदंग

टाळ वाजवणं सोपं वाटतं. दोन वाट्या एकमेकींवर आपटल्या की झालं. पण समोरासमोर बरोबर आपटल्या तर मध्ये हवा अडकते आणि "खच्" असा मेलेला आवाज येतो. डावा टाळ जरा तिरका धरायचा, उजवा वरून येऊन काठाला किंचित घसरत लागला पाहिजे. मग तो नाद सुटतो. दोरी तर्जनीला गुंडाळलेली असते. पहिल्या पंधरवड्यात तिथे फोड येतो, फुटतो, मग घट्टा पडतो. घट्टा पडेपर्यंत कापडाची चिंधी गुंडाळा, लाजू नका. हरिपाठात टाळाबरोबर पावल्याही असतात. हात आणि पाय एका ठेक्यात यायला मला तीन आठवडे लागले. काहींना तीन दिवस लागतात. त्यांच्याकडे बघू नका.

मागच्या ओळीत उभं राहण्याचा फायदा असा की तिथून सगळं ऐकू येतं. पुढचा गवई कुठे श्वास घेतो, मृदंग कुठे समेवर येतो, महाराज कुठल्या शब्दावर हात वर करतात. पुढच्या माणसाला हे ऐकू येत नाही, तो स्वतःच्या आवाजात असतो. वर्षभर मागे उभा राहिलेला पोरगा चाली न शिकवता उचलतो.

मृदंग सगळ्यांनाच हवा असतो. वाट्याला येतो तो आधी कणीक मळायला. मृदंगाच्या डाव्या तोंडाला, धुमेला, ओली कणीक लावतात, त्याशिवाय घुमारा येत नाही. लिंबाएवढा गोळा घ्यायचा. फार सैल मळला तर वाजवताना शिंतोडे उडून शेजाऱ्याच्या सदऱ्यावर जातात. घट्ट मळला तर कातड्याला धरत नाही. मधोमध थापायचा, बोट ओलं करून कडा पातळ करायच्या, थाप मारून बघायची, आवाज वर लागला तर आणखी थोडी कणीक. भजन संपलं की ती खरवडून काढायची, तोंड ओल्या फडक्याने पुसायचं. एका रात्री मी ती तशीच ठेवून झोपलो. सकाळी उंदरांनी कणकेबरोबर धुमेचं कातडंही खाल्लं होतं. संस्थेतला चांगला मृदंग होता तो. गुरुजी काही बोलले नाहीत. महिनाभर मला मृदंगाजवळ बसू दिलं नाही, एवढंच.

हातावर बोल बसायला वेळ लागतो. "धा धा दिं ता, किट धा दिं ता, तिट कत गदि गन" ही चौतालाची ओळ तोंडाने म्हणता आली पाहिजे, मांडीवर वाजवता आली पाहिजे, मग मृदंगावर. पावसाळ्यात कातडं सैल पडतं. वाद्यांमध्ये अडकवलेले लाकडी गठ्ठे ठोकून चढवावं लागतं. ते मोठ्यांना करू द्या.

वारी

उन्हाळ्यात प्रवेश घेतलात तर पुरते रुळायच्या आतच ज्येष्ठ वद्य अष्टमी येते. माउलींच्या पालखीचं प्रस्थान. संस्था बहुधा दिंडीत चालतात आणि नव्या मुलांनाही नेतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, आषाढ शुद्ध दशमीपर्यंत पोचायचं.

चपला नव्या घेऊ नका, पायात रुळलेल्याच ठेवा. पाय रात्री धुऊन, बोटांच्या बेचक्या कोरड्या करून झोपा. जांघा घासतात तिथे सकाळीच खोबरेल लावा. घासल्यावर लावून उपयोग नाही. अंगावर फक्त खांद्याची पिशवी: पाण्याची बाटली, प्लॅस्टिकचा कागद, पंचा, टाळ. बाकी सगळं दिंडीच्या ट्रकमध्ये, आणि वळकटीवर नाव व दिंडीचा क्रमांक मोठ्या अक्षरांत. दिंडी क्रमांक रथापुढचा की रथामागचा हेही पाठ ठेवा. नुसता आकडा सांगितला तर चुकलेला मुलगा चार तास उलट्या टोकाला शोधत फिरतो.

पुण्याहून सासवडचा टप्पा सगळ्यांत लांब, वर दिवे घाट, आणि बहुतेकदा त्याच दिवशी एकादशी. त्या दिवशी फुशारकी मारून निर्जळी करू नका. उपवासाचं खा, पाणी प्या, मधूनमधून बसा. सासवडला दोन मुक्काम असतात, तिथे पाय सावरतात.

रिंगण सगळे बघतात, फोटोही निघतात. मला विचाराल तर मुक्कामाची समाजआरती बघा. सगळ्या दिंड्या तळावर गोल उभ्या राहतात, हजारो टाळ वाजत असतात. चोपदार चोप उंच करतो, आणि एका क्षणात सगळं शांत. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तिचे टाळ तेवढे वाजत राहतात. मग चोपदार तिकडे जाऊन ऐकून घेतो. हरवलं-सापडलं पुकारलं जातं, उद्या किती वाजता निघायचं ते सांगितलं जातं, आरती होते. एवढ्या माणसांचं राज्य लाऊडस्पीकरच्या कितीतरी आधीपासून असं एका काठीवर चालतंय.

चातुर्मास

आषाढी झाली की परत. आता खरा अभ्यास. चार महिने बाहेरची बोलावणी त्या मानाने कमी, महाराज जागेवर, आणि बाहेर पाऊस. कपडे वाळत नाहीत, इंद्रायणीकाठी सगळं दमट. गजकर्ण एका मुलाला झालं की खोलीभर पसरतं, तेव्हा पंचा आणि चादर कुणाला देऊ नका, कुणाची घेऊ नका. नदीच्या पाण्याबद्दलही सांगतो: श्रद्धा असू द्या, तीर्थ म्हणून डोळ्यांना लावा, पण फेस आलेला असताना त्यात पोहू नका आणि ते पिऊ नका.

श्रावणात कृष्णाष्टमी, काला. मग पितृपक्ष, नवरात्र, कोजागरी. दिवाळीची सुट्टी आखूड असते. कार्तिकी तोंडावर आलेली असते.

कार्तिकी

पंढरीची कार्तिकी शुद्ध एकादशीला, आळंदीची वद्य एकादशीला. त्रयोदशीला माउलींचा समाधी सोहळा. १२९६ सालची समाधी. या आठ-दहा दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते, आणि संस्थेतही. तुमच्या खोलीत तुमच्याच गावचे वीस लोक उतरतात, कुणाचा तरी चुलता तुमच्या वळकटीवर घोरत असतो. पेटीला कुलूप लावा, ग्रंथ वर ठेवा, आणि झोपेची आशा सोडा. सेवेला लावतील तिथे जा: पाणी, दर्शनबारी, चप्पल, वाढप. वाढपी म्हणून मी सलग तीन दिवस फक्त मीठ वाढलं. पंगतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मीठ.

पण रात्री फिरा. या दिवसांत आळंदीत मठामठांतून, धर्मशाळांतून कीर्तनं चालू असतात. एका रात्रीत तीन कीर्तनं ऐका, शक्यतो तीन वेगळ्या फडांची. एकच अभंग दोघांनी घेतलेला सापडला तर सोनंच. एक जण दृष्टान्तांवर निभावतो, दुसरा एका शब्दावर अर्धा तास उभा राहतो. वहीत लिहा.

सप्ताहांचा हंगाम

मार्गशीर्ष उजाडला की गावोगाव अखंड हरिनाम सप्ताह. आयोजकांना टाळकरी लागतात, गवई लागतात, मृदंगवाला लागतो. ते संस्थेला फोन करतात. पाच-दहा मुलांची तुकडी जीपमध्ये बसून निघते.

हे शिक्षणाचाच भाग आहे, आणि हेच शिक्षण बुडवतंही. दोन्ही खरं आहे. सप्ताहात पहाटेचा काकडा, पारायण, गाथाभजन, प्रवचन, हरिपाठ, रात्रीचं कीर्तन, मग जागर, आणि सात दिवस वीणा खाली ठेवायची नाही. पहारेकरी दोन-दोन तास पाळी घेतात. पहाटे दोन ते चारची पाळी नव्या मुलाच्या वाट्याला येते, कारण ती कुणालाच नको असते. घ्या ती. मांडवात एक दिवा, झोपलेली कुत्री, आणि तुम्ही वीणा घेऊन उभे. झोप आवरत नसेल तर पाठ म्हणा. माझा पंधरावा अध्याय असाच पक्का झाला.

शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन होतं आणि नारळ-उपरण्याबरोबर पाकीट मिळतं. इथे मुलं बिघडतात. चौदा वर्षांच्या हातात पैसे आले की पुढचा सप्ताह कधी याची वाट सुरू होते आणि संथा राहून जाते. पहिल्या वर्षी दोनपेक्षा जास्त सप्ताह करू नका, असं मी माझ्या मुलांना सांगायचो. किती मिळाले ते घरी कळवा आणि संस्थेत विचारून नोंद करा. पैशाचा विषय काढला म्हणून कुणी रागावलं तर ती संस्था पैशाच्या बाबतीत सरळ नाही, एवढं समजा.

शाळेच्या मुलांनो, दहावी-बारावीच्या परीक्षा नेमक्या याच हंगामाच्या शेवटी असतात. परीक्षा बुडवून भजनाला गेलेला मुलगा मी कधी कौतुकाने बघितला नाही. बारावी करा. पुढे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरबसल्या पदवी घेता येते, संस्थेत राहूनही. कीर्तनकाराला इतिहास, व्याकरण, थोडं विज्ञान माहीत असलं तर बिघडत नाही; नसलं की काय काय ऐकावं लागतं ते आपण ऐकतोच आहोत.

उभं राहणं

फाल्गुन वद्य द्वितीयेला देहूला तुकाराम बीज. आळंदीहून पोरं चालतच जातात. तिथून आल्यावर, परीक्षेच्या सुमारास, बऱ्याच संस्थांत पहिल्या वर्षाच्या मुलांना एकदा उभं करतात. विद्यार्थी कीर्तन. श्रोते म्हणजे तुमचेच सोबती, जे नंतर तुमची चिरफाड करणार आहेत.

वीसेक मिनिटं मिळतात. अभंग चार चरणांचा घ्या, अर्थ सरळ असलेला. क्रम चुकवू नका: जयघोष, रूपाचा अभंग, मग निरूपणाचा. विनोद घेऊ नका, दुसऱ्या महाराजांचा हेल घेऊ नका. मागे उभे असलेले सगळे ते मोबाइलवर ऐकून बसलेत आणि लगेच ओळखतील. प्रमाणं तीन-चारच, पण पक्की. दृष्टान्त एकच, आणि तो तुमच्या गावचा, तुम्ही डोळ्यांनी बघितलेला. मी विहिरीवरच्या मोटेच्या नाड्याचा घेतला होता. गुरुजींना तेवढाच आवडला.

आणि विसराल. सगळे विसरतात. मी दुसऱ्याच प्रमाणावर अडकलो. पहिला शब्द आला आणि पुढे पांढरं पडलं. अशा वेळी खाकरायचं नाही, उपरण्याने तोंड पुसायचं नाही, मागे वळून बघायचं नाही. जो शब्द आलाय तो मोठ्याने, चालीवर म्हणायचा आणि हात वर करायचा. माझ्या मागे, शेवटच्या ओळीत, लातूरकडचा एक मुलगा होता, माझ्याच वळकटीशेजारी झोपणारा. त्याने तो चरण तिथून उचलला, टाळ वाजले, आणि ओळ फिरून माझ्याकडे येईपर्यंत मला पुढचं आठवलं होतं.

दुसऱ्या दिवशी त्याची पाळी होती. मी शेवटच्या ओळीत जाऊन उभा राहिलो.